बर्गर आणि बाजूचा डबा

चंद्रपुरात सगळ्यात चांगला बर्गर कुठे मिळतो ते मला विचारा. मी चौथी शिकलेली बाई. आयुष्य भात-वरण खाण्यात गेलं, वरचे दात कवळीचे. पण एका हिवाळ्यात मी या शहरातली बर्गरची एकही गाडी सोडली नाही.

हौस माझी नव्हती, नातीची होती. नात म्हणजे मुलाची मुलगी. तिनं नागपूरला हॉटेलचा कोर्स केला, तिथेच एका मोठ्या हॉटेलात वर्षभर राबली आणि दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. म्हणाली, बारा तास उभंच राहायचं आहे तर आपल्या दारात उभी राहीन.

आमचं घर बाबुपेठेत, रस्त्याला लागून. समोरच्या खोलीत सून ब्लाऊज शिवायची. तिचे डोळे दुखायला लागले तशी शिलाई बंद झाली, खोली रिकामी पडली. एक मोबाईल दुरुस्त करणारा माणूस ती भाड्यानं मागत होता. मुलगा कोळशाच्या खाणीत, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. त्याला बसल्या जागी येणारं भाडं बरं वाटत होतं. नात म्हणाली, खोली मला द्या, मी बर्गर विकते. बाप-लेकीचं दोन दिवस चाललं. शेवटी मुलगा म्हणाला,

"होळीपर्यंत खोली तुही. धंदा चालला तर पुढंही तुही. नाई चालला तर मोबाईलवाल्याले देतो. मंग रडजो नको."

"नाई रडत."

"अन् नागपूरले वापस जाजो."

परत जाणंच तर तिला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी तूर निवडत होते.

"आजी, रविवारी माह्यासंगं चाल. चंद्रपुरात कोणाचा बर्गर सगळ्यात चांगला आहे ते पाहू. मंग आपला त्याच्यावून चांगला करू."

"तुह्या मैत्रिणी मेल्या काय?"

"त्या साऱ्यालेच मस्त म्हणतात. तू कोणालेच म्हणत नाई. म्हणून तुलेच नेतो."

खरं होतं ते. मी पोंभुर्ण्याकडच्या एका गावात शाळेत खिचडी शिजवायचे, एकवीस वर्षं. पोरांना वाढायच्या आधी चव घ्यायची आणि रजिस्टरमध्ये लिहायचं असा नियम होता. गुरुजी रोज 'चव उत्तम' लिहायचे. कधी कधी खिचडी चुलीवर असतानाच लिहून मोकळे व्हायचे. मी त्या रजिस्टरकडे कधी पाहिलं नाही. मी पोरांची ताटं पाहायचे. पोरं उठली की ताटात काय उरलं आहे ते पाहायचं. वटाणा उरला तर कच्चा राहिला. भात उरला तर मीठ कमी. नुसता कढीपत्ता उरला तर आज जमलं. पोरगं तोंडानं खोटं बोलेल, गुरुजींच्या धाकानं छान म्हणेल, ताट खोटं बोलत नाही. एवढंच माझं शिक्षण, आणि ते मला पुरलं.

म्हणून बर्गरच्या गाडीवर गेले की मी आधी कचऱ्याच्या डब्याजवळ जाऊन उभी राहायचे. लोक काय खातात ते नात पाहायची, लोक काय टाकतात ते मी पाहायचे.

रविवारी सकाळी विहारातून आलो की आम्ही दोघी तिच्या स्कुटीवर निघायचो. पहिल्या रविवारी रामाळा तलावाजवळच्या एका गाडीवर गेलो. तिथल्या डब्यात कागदच कागद, आणि प्रत्येक कागदाला पांढरं काहीतरी चोपडलेलं. नात म्हणाली, ते मेयोनीज. म्हटलं, काहीही असो, भिंतीला चुना देतात तेवढं लावतो हा, आणि लोक बोटानं काढून टाकतात. मी एक घास खाल्ला. पाव, चुना, पाव. मध्ये टिक्की होती असं नात म्हणते.

नागपूर रोडवर काचेच्या दाराचं एक मोठं दुकान आहे. आत एसी. तिथे माणसाला मागायचं नसतं, भिंतीवरच्या टीव्हीला बोट लावून मागायचं असतं. तिथला डबा झाकणाचा, आत काही दिसेना. मी झाकण ढकलून पाहिलं तर पहारेकरी आला.

"मावशी, काही पडलं काय आत?"

"नाई, पाहून राह्यली."

"काय?"

"तुमचे लोक काय टाकतात ते."

तो नातीकडे पाहायला लागला. नात छताकडे पाहायला लागली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ज्याचा डबा झाकलेला त्याच्यावर माझा भरवसा नाही. ती म्हणाली, "आजी, ते स्वच्छतेसाठी असते वो!" असेल. बर्गर बरा होता, पण खाऊन झाल्यावर काय खाल्लं ते आठवेना.

जटपुरा गेटच्या बाजूच्या गाडीवरची गोष्ट नात अजून सगळ्यांना सांगते. मी पांढऱ्या लुगड्यात होते, विहारातून तशीच आलेली. डब्यात पावाचे वरचे तुकडे फार दिसले म्हणून वाकून एक उचलला आणि दाबून पाहिला. कालचा पाव होता. तेवढ्यात गाडीवाला ओरडला,

"ओ बाई! उष्टं नका खाऊ ना! थांबा, मी देतो."

आणि त्यानं खरंच एक गरम बर्गर कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाला, "सकाळपासून काही खाल्लं की नाई?"

म्हटलं, "चहा-पोहे खाल्ले."

नात रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली होती, जशी मला ओळखतच नाही. मी तो बर्गर तिथेच उभ्यानं खाल्ला. कवळी पावात अडकली, ती काढून पुसली, पुन्हा बसवली आणि उरलेला संपवला. जाताना त्याला सांगितलं, "भाऊ, माणूस तू चांगला आहेस, पण पाव शिळा आहे तुहा. रोजचा रोज घेत जाय." नातीला मी नंतर म्हटलं, लाजायचं काय त्यात, त्यानं जेवण दिलं, मी अक्कल दिली.

असे पाच-सहा रविवार गेले. शेवटी आम्ही मूल रोडला, एका कॉलेजच्या भिंतीजवळच्या गाडीवर पोचलो. गाडीवर बाई होती, चाळीस-पंचेचाळीसची, सिरोंच्याकडची. बोलताना मध्येच तेलुगू यायचं तिच्या. कॉलेजची पोरं घोळका करून उभी. मी डब्याजवळ गेले. डब्यात कागद. मी काडीनं कागद बाजूला केले, खालीही कागद. अर्धा तास उभी राहिले. एका पोरीनं टमाट्याची एक फोड टाकली, बाकी कोणी काही टाकलं नाही.

मी नातीला हाक मारली. "इकडं ये. हा आहे."

"खाल्ला तर नाई अजून!"

"आता खाऊ. पण हाच आहे."

आलूचीच टिक्की, पण वरून पोह्याचा चुरा लावून तळलेली. पावाएवढीच, ना लहान ना मोठी. पाव तव्यावर दोन्ही अंगांनी शेकलेला. कांदा इतका बारीक की दिसत नव्हता, नुसता लागत होता. मी अख्खा खाल्ला. कवळी जागची हलली नाही.

बाईनं मला हेरलं होतंच. "अम्मा, डब्यात काय पाहून राह्यल्या मघापासून?"

"पोरं काय टाकतात ते."

ती हसली. "मीबी पाहतो. गाडी बंद करताना रोज. पहिले मी कांद्याच्या गोल चकत्या टाकत होतो. पोरं पहिल्या घासालाच अख्खी चकती ओढायची अन् फेकायची. डबा कांद्यानं भरायचा. मंग बारीक केला."

नात लगेच पुढे झाली. "आलूमध्ये काय टाकता तुम्ही?"

"ते नाई सांगत, बेटा," बाई म्हणाली. आणि तिनं सांगितलं नाही. मला ती आवडली.

घरी येताना नात स्कुटीवरच म्हणाली, "आलू घेऊन तिच्यापुढं जाता येणार नाई. आपण बरबटी घेऊ."

बरबटी म्हणजे चवळी. आमच्या भागात धान निघाल्यावर त्याच बांधीत, म्हणजे वावरात, पेरतात. तिचे वडे आमच्याकडे पाहुणा आला की होतातच. रात्री भिजत घालायची, सकाळी चोळून साल काढायची, पाणी न घालता जाडसर वाटायची, लसूण-मिरची-जिरं घालायचं आणि पळसाच्या पानावर थापून तेलात सोडायचे. हे वडे मी माझ्या सासूकडून शिकले आणि तिच्यापेक्षा चांगले करायला लागले. ती मरेपर्यंत ते कबूल करत नव्हती. नातीला मी शिकवलं. चार दिवसांत तिचा हात बसला.

संक्रांत झाल्यावर खोलीत काऊंटर लागला. नातीनं भिंत पिवळी रंगवली, बाहेर पाटी लावली, 'बरबटी बर्गर'. पहिल्या दिवशी सगळा मोहल्ला आला. सुनेच्या माहेरचे आले, मुलाचे खाणीतले सोबती आले. जो तो मस्त म्हणत होता. कोणी फोटो काढले. नातीचा चेहरा खुलला होता. मुलगाही दोन खाऊन गेला.

संध्याकाळी मी डबा पाहिला. वड्याचे तुकडे, कोरड्या पावाचे कोपरे. कोणाचा अर्धा बर्गर जसाच्या तसा. आणि बाहेर ठेवलेला पाण्याचा माठ दोनदा भरावा लागला होता. लोक बर्गर खाऊन नव्हते जात, पाणी पिऊन जात होते.

मी काही बोलले नाही.

साऱ्या चंद्रपूरला मी तोंडावर सांगत फिरले होते, तुझा पाव शिळा, तुझा चुना जास्त. घरी येऊन गप्प बसले. दुसऱ्या दिवशी डबा तसाच, तिसऱ्या दिवशी तसाच, तरी गप्प. नातीला वाईट वाटेल म्हणून नाही. ती काही साखरेची नाही. त्या डब्यात पडलेला वडा माझा होता. माझा वडा कोणी टाकून देतं हे मला मान्य होत नव्हतं. मी मनात म्हणायचे, शहरातल्या लोकांना खायचं कळत नाही. मेलेली सासू माझ्यात येऊन बसली होती म्हणा.

पंधरा दिवसांत गर्दी ओसरली. नातेवाईक एकेकदा खाऊन गेले, पुन्हा येईनात. नात दुपारभर काऊंटरवर बसून रस्त्याकडे पाहायची. होळीला बारा दिवस उरले असताना मोबाईलवाला आला. हातात मोजायची टेप. मुलगा त्याच्यासोबत होता.

"नुसतं माप घेऊन राह्यलो, बाई," तो नातीला म्हणाला. "काच बनवायले टाइम लागते ना."

"घ्या ना," नात म्हणाली. चिमटा हातात धरून ती एका अंगाला सरकली आणि तो तिच्या काऊंटरच्या मागच्या भिंतीला टेप लावायला लागला.

तेव्हा मला राहवलं नाही. तो गेला तशी मी डबा उचलला, जुना पेपर अंथरला आणि खोलीच्या मधोमध डबा उलटा केला.

"माय, हे काय करून राह्यली?" मुलगा ओरडला.

"हे पाहा दोघंबी. वडा पाहा. अर्धा खाल्ला अन् टाकला. पाव पाहा. कोरडा ठक्क. घशात अडकते लोकाईच्या."

नातीनं खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुले कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलली काऊन नाई? त्या एसीवाल्या दुकानात जाऊन बोलली, गेटवर बोलली, साऱ्याईले बोलली! मले तूच तर पाह्यजे होती बोलायले!"

"वडा माहा होता," मी म्हटलं.

ती आत निघून गेली. मुलानं झाडू आणला आणि सगळं गोळा केलं. मला म्हणाला, "तू बी ना, माय." एवढंच.

दोन दिवस नात माझ्याशी बोलली नाही. जेवायचं ताट आणून ठेवायची, पण बोलायची नाही. मी मनवायला गेले नाही. चूक माझी होती, पण चुकीवर साखर पेरून ती लहान होत नाही. त्या दोन दिवसांत मी एकाच गोष्टीचा विचार करत बसले. घरी हा वडा आपण कधी कोरडा खातो काय? पाहुणा आला की मटणाचा रस्सा होतो, नाहीतर वांग्याचा, आणि वडा त्यात बुडवून खातो. वडा मुद्दाम टणक करायचा तो त्याच्यासाठीच, रश्शात फुटू नये म्हणून. असा वडा आम्ही दोन कोरड्या पावांत घातला होता. आमच्या भागातल्या माणसाशिवाय ही चूक दुसरं कोणी करणार नाही. वडा इतका ओळखीचा, की तो कशासोबत खातो तेच आम्ही विसरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हे तिला सांगायला उठले. स्वयंपाकघरात गेले तर गॅसवर तर्री उकळत होती. पोह्यांवर घालतात ती, लाल, वर तेलाचा तवंग. आमच्या घरी सकाळी सकाळी तर्री करायचं काही कारण नव्हतं. नातीनं माझ्याकडे न पाहता एक वडा चिमट्यानं उचलला, तर्रीत बुडवला, पाच-सहा आकडे मोजले आणि बाहेर काढला. वडा अख्खा. पाव तिनं तेल लावून शेकला होता, चांगला कुरकुरीत, म्हणजे तर्री लागली तरी गळणार नाही. वड्यावर बारीक कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, लिंबू. वर पाव ठेवून दाबला, कागदात घट्ट गुंडाळला आणि माझ्यासमोर आदळला.

"खाय. अन् खरं सांगजो."

मी खाल्ला. वडा आतून ओला झाला होता आणि तरी वडाच होता. आलूची टिक्की असती तर तर्रीत विरघळून गेली असती.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

"अजून?"

"अजून काही नाई."

मग ती बोलायला लागली. एवढी बोलली की मला वाटलं, दोन दिवसांचं एकदम काढते की काय. मी तिला माझा रश्शाचा विचार सांगितला नाही. तिला तो माझ्या आधी सुचला होता, तिचा तिला राहू द्यावा.

पाटीवर 'तर्रीवाला' हा शब्द वाढला. पहिली पाळी सुटली की खाणीतले लोक चार-साडेचारला आमच्या रस्त्यानं जातात. मुलानं पहिल्या दिवशी दोघांना ओढून आणलं, दुसऱ्या दिवशी ते दोघं आपणहून आले आणि अजून पाच जण घेऊन आले. पोटात कोळसा बसलेली ती माणसं, त्यांना चुना नको, तिखट पाहिजे. उभ्यानं खायची, नाक पुसायची, दुसरा मागायची. कॉलेजची पोरं आली. मोहल्ल्यातले, जे एकदा मस्त म्हणून गायब झाले होते, तेही आले आणि या वेळी काही न बोलता खाऊन गेले.

होळीच्या आदल्या दिवशी मुलगा कामावरून आला, हातपाय धुतले आणि खोलीत खुर्ची टाकून बसला. मोबाईलवाल्याला उद्या उत्तर द्यायचं होतं. नात तव्यासमोर उभी होती. ती कामात असल्यासारखं दाखवत होती, पण तव्यावर काही नव्हतं.

"माय," तो म्हणाला, "तू सारं चंद्रपूर पाह्यलं. खरं सांग. हा सगळ्यात चांगला आहे काय?"

नातीनं माझ्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण आधीच एकदा गप्प बसून मी तिचा महिना घालवला होता.

"नाई," मी म्हटलं. "दुसरा नंबर."

मुलानं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "पहिला कोणाचा?"

"मूल रोडच्या बाईचा," नातच म्हणाली. "मले माहीत होतं ही हेच म्हणन."

"एवढ्या चंद्रपुरात दुसरा?" त्यानं पुन्हा विचारलं.

"दुसरा."

"त्या बाईकडं बरबटी नाई, आजी," नात म्हणाली.

"बरबटी नसून पहिली आहे ती."

मुलाला हसू फुटलं आणि ठसका लागला. तो पाणी प्यायला, मोबाईल काढला आणि त्या माणसाला तिथेच बसल्या बसल्या सांगून टाकलं की खोली नाही, दुसरीकडे पाहा. पलीकडून तो बराच बोलत होता. मुलगा हो, हो करत राहिला. शेवटी म्हणाला, "या ना, बर्गर खायले या. तर्रीवाला."

नातीनं गॅस पेटवला आणि तव्यावर तेल टाकलं. रस्त्यानं पाळीवरून सुटलेले लोक यायला लागले होते. ती मला म्हणाली,

"बसून काऊन राह्यली वो आता? लसूण सोल. दुसऱ्या नंबरले लसूण लागते."

मी लसूण सोलायला घेतला.